"आईस क्रीम दे" की "आईस्क्रीम दे"? समोरचा बोलत असतानाच मेंदूला अर्थ कसा कळतो?

"आईस क्रीम दे" आणि "आईस्क्रीम दे".

ही दोन वाक्यं एकदा मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात आईला क्रीम द्यायचंय, दुसऱ्यात आपल्याला आईस्क्रीम हवंय. लिहिताना मध्ये जागा सोडली म्हणून फरक दिसतो. बोलताना मात्र दोन्ही जवळपास सारखीच कानावर पडतात.

तरीही उद्या घरात कुणी यातलं एक वाक्य बोललं, तर आपण फारसे गोंधळत नाही. फ्रीज उघडा असेल तर एक अर्थ, आईच्या हाताला भाजलं असेल तर दुसरा. आणि तो लावायला आपण वाक्य संपल्यावर थांबून विचार करत बसत नाही. समोरचा बोलत असतानाच, बऱ्याचदा त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच, आपल्याला कळलेलं असतं.

हे इतकं सहज होतं की आपलं त्याकडे कधी लक्षच जात नाही. पण आज आपण व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट दुप्पट वेगाने ऐकतो, रील्स सबटायटल्ससकट बघतो आणि "नीट ऐका, हा काय म्हणाला" असं लिहून आलेल्या क्लिपवरून कमेंटमध्ये भांडतो. त्यामुळे ऐकताना डोक्यात नक्की काय चालतं हे माहीत असलेलं बरं. कारण "मी माझ्या कानाने ऐकलं" असं आपण छातीठोकपणे सांगतो, त्यातलं बरंच काही कानाने ऐकलेलंच नसतं.

तर सुरुवातीपासून बघू.

बोलताना शब्दांच्या मध्ये जागाच नसते

समोरचा बोलतो तेव्हा आपल्यापर्यंत पोचतात त्या हवेतल्या लहरी. कानाचा पडदा हलतो, आतली तीन बारीक हाडं ती हालचाल पुढे ढकलतात आणि शंखाच्या आकाराच्या एका नळीत ती पोचते. या नळीत केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे १५ हजार पेशी असतात. कुठली पेशी जाड आवाजाला हलणार आणि कुठली बारीक आवाजाला, हे ठरलेलं असतं. तिथून विजेचे संदेश मेंदूकडे जातात.

इथपर्यंत सगळं मायक्रोफोनसारखंच आहे. खरा प्रश्न पुढे आहे.

साध्या गप्पांमध्ये माणूस सेकंदाला साधारण १० ते १५ ध्वनी उच्चारतो. आपल्याला वाटतं की तो एकेक शब्द सुटासुटा बोलतोय. प्रत्यक्षात तसं नसतं. एखादी व्हॉइस नोट ऑडिओ एडिटिंगच्या ॲपमध्ये उघडा आणि आवाजाची नक्षी बघा. जिथे दोन शब्दांच्या मध्ये जागा असेल असं वाटतं, तिथे सलग आवाज दिसेल. उलट "पत्ता", "कट्टा", "गप्पा" या शब्दांच्या बरोबर मध्ये क्षणभर शांतता दिसेल. कारण "त्त" म्हणताना जीभ दाताला टेकते आणि आवाज बंद होतो. म्हणजे शांतता असते ती शब्दाच्या पोटात, आणि दोन शब्दांच्या मध्ये बहुतेकदा काहीच नसतं.

म्हणूनच न येणारी भाषा ऐकली की "हे लोक किती फास्ट बोलतात" असं वाटतं. ते आपल्याहून फार वेगाने बोलतात असं नसतं. त्यांचे शब्द कुठे तुटतात हे आपल्याला माहीत नसतं, एवढंच. मराठी शिकणाऱ्या माणसालाही आपण तसेच भरधाव वाटतो.

मग हे तोडायचं शिकतो कधी? तर पाळण्यात असताना.

१९९६ साली जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट या अमेरिकी संशोधकांनी ८ महिन्यांच्या बाळांना एक अजब भाषा ऐकवली. "बिडाकू", "पाडोटी", "गोलाबू" असे काही अर्थ नसलेले शब्द, कॉम्प्युटरच्या सपाट आवाजात, मध्ये अजिबात न थांबता, एकापुढे एक. ऐकवलं किती वेळ? फक्त २ मिनिटं.

या आवाजात शब्द कुठे संपतो याची एकच खूण होती. "बि"च्या नंतर नेहमी "डा" यायचं, "डा"च्या नंतर नेहमी "कू" यायचं. पण "कू"च्या नंतर काय येईल याचा नेम नव्हता. नंतर चाचणी घेतली तेव्हा दिसलं की बाळांनी ही खूण पकडली होती. ओळखीच्या "शब्दांपेक्षा" नव्या जुळणीकडे ती जास्त वेळ कान देत होती. म्हणजे ज्याला अजून "आई" म्हणता येत नाही, ते बाळ कुठल्या आवाजामागून कुठला आवाज येतो याचा हिशोब ठेवत असतं.

"बाळ" की "बाल"? हाही लहानपणीचाच निकाल

बाळं आणखी एक गोष्ट ठरवून टाकतात. कुठल्या आवाजांतला फरक महत्त्वाचा आणि कुठला सोडून द्यायचा.

१९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांचा कॅनडातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले "ट" आणि "त" ऐकवले. इंग्रजीत हा फरक नाही. तरी ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो ऐकू आला. १० ते १२ महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फार थोड्यांना. मधल्या चार-सहा महिन्यांत मेंदूने ठरवून टाकलं होतं की आपल्या घरात हा फरक कामाचा नाही.

आता हे आपल्याकडे लावून बघा. "ळ" आणि "ल" यांतला फरक मराठी कानाला ढळढळीत वाटतो. "बाळ"चं "बाल" झालं की लगेच खटकतं. पण ज्याच्या घरातल्या भाषेत "ळ" नाही, त्याच्यासाठी ही नुसती जीभ वळण्याची अडचण नसते. तो फरक त्याच्या कानालाच नीट लागत नाही. सरावाने मोठेपणीही हे बरंचसं जमतं, फक्त वेळ लागतो. त्यामुळे ऑफिसमधला कुणी नव्याने मराठी बोलायला लागला असेल, तर पहिल्याच दिवशी "ळ"वरून त्याची थट्टा करण्यात काही अर्थ नाही.

पहिला आवाज आला की शब्दांची शर्यत सुरू

समजा कुणी म्हणालं, "पा..."

इतक्यातच मेंदूत पाणी, पान, पाय, पापड, पाऊस, पाऊल असे बरेच शब्द एकदम जागे होतात. पुढे "पाऊ..." ऐकू आलं की पाणी आणि पापड बाद. राहिले पाऊस, पाऊल, पाऊण. आणि "स" आला की निकाल.

ब्रिटिश संशोधक विल्यम मार्स्लेन-विल्सन यांनी १९७०-८०च्या दशकांत ही कल्पना मांडली. पूर्ण शब्द ऐकून मग तो डोक्यातल्या शब्दकोशात शोधायचा, असं मेंदू करत नाही. पहिल्या आवाजाबरोबर सगळे उमेदवार मैदानात येतात आणि पुढच्या प्रत्येक आवाजाबरोबर गळत जातात.

१९७३ सालच्या त्यांच्या एका प्रयोगात लोकांना हेडफोनवरून उतारा ऐकवला आणि ऐकता ऐकता तोच मागोमाग म्हणायला सांगितला. काही जण अवघ्या पाव सेकंदाच्या अंतराने म्हणू शकले. पाव सेकंद म्हणजे साधारण एखाद्या अक्षराचा वेळ. शब्द पूर्ण ऐकायच्या आधीच ते तो बोलायला लागत होते. आणि गंमत म्हणजे त्यांच्या ज्या चुका झाल्या, त्याही वाक्यात चपखल बसतील अशाच होत्या. म्हणजे ते पोपटासारखं म्हणत नव्हते, अर्थ समजून म्हणत होते.

ही शर्यत डोळ्यांतही दिसते. १९९८ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात पॉल ॲलोपेना, जेम्स मॅग्नसन आणि मायकेल टॅनेनहाऊस यांनी लोकांसमोर चार चित्रं ठेवली आणि त्यांची नजर कुठे जाते ते कॅमेऱ्याने टिपलं. मराठीत तसंच करायचं तर समोर कावळा, कावड, मावळा आणि चमचा यांची चित्रं ठेवायची आणि म्हणायचं, "कावळा दाखवा." त्यांच्या इंग्रजी प्रयोगात असं दिसलं की शब्द चालू असतानाच नजर सारख्या सुरुवातीच्या चित्रावरही जाते. इथे ते कावड. मग थोड्या वेळाने, थोडी कमी, यमक जुळणाऱ्या चित्रावर जाते. इथे तो मावळा. चमच्याकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. आपण कावडीकडे बघितलं हे आपल्याला कळतही नाही. पण डोळे चुगली करतात.

आता यात शब्द तोडायची अडचण मिसळा. "बस लातूरला निघाली" हे वाक्य घ्या. "बस ला..." इथपर्यंत कानाला "बसला" हा अख्खा शब्दही मिळालेला असतो. "काय दादा, कसं चाललंय?" यात सुरुवातीला "कायदा" दडलेला असतो. असे खोटे शब्द आपल्या बोलण्यात जागोजागी असतात. तरी ते आपल्याला जाणवत नाहीत, कारण पुढचा आवाज आणि आजूबाजूचा संदर्भ मिळून त्यांना काही क्षणांत बाहेर काढतात.

वाक्याचा शेवट मेंदू आधीच गाठतो

इथे एक पायरी आणखी वर जाऊ. मेंदू नुसता आलेल्या आवाजाचा पाठलाग करत नाही, तो पुढे जाऊन थांबतो.

१९९९ साली जेरी ऑल्टमन आणि युकी कामिडे यांनी एक साधं चित्र वापरलं. एक मुलगा बसलाय, आजूबाजूला केक आणि काही खेळणी. ऐकणाऱ्याला "मुलगा हलवेल..." असं ऐकवलं तर नजर सगळीकडे फिरते. पण "मुलगा खाईल..." असं ऐकवलं, की "केक" हा शब्द यायच्या आधीच नजर केककडे वळते. चित्रात खाण्यासारखी गोष्ट तेवढी एकच होती ना.

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजीत क्रियापद मधे येतं म्हणून हे जमलं. मराठीत तर क्रियापद शेवटी येतं. मग आपण वाक्य संपेपर्यंत थांबतो का?

नाही. याचं उत्तर जपानी भाषेतून मिळालं. जपानीतही क्रियापद शेवटी येतं आणि आपल्या "ने", "ला"सारखे प्रत्यय नामाला लागतात. कामिडे, ऑल्टमन आणि सारा हेवूड यांनी २००३ साली दाखवलं की जपानी माणूस हे प्रत्यय ऐकूनच पुढचा अंदाज बांधतो. "वेट्रेस" आणि "गिऱ्हाइकाला" एवढं ऐकलं, आणि "ला" हा काहीतरी दिलं जाणार असं सुचवणारा असला, की नजर टेबलावरच्या बर्गरकडे जाऊ लागते. बर्गरचं नाव आलेलं नसतं आणि क्रियापद तर अजून लांब असतं.

आपले प्रत्ययही अशीच माहिती देतात. "आजीने..." ऐकलं की बहुतेकदा पुढे काहीतरी घडून गेलेलं येणार: आणलं, सांगितलं, केलं. "आजीला..." ऐकलं की आवडतं, पाहिजे, बरं वाटत नाही, किंवा कुणीतरी आजीला काहीतरी दिलं. "माझी..." ऐकलं की पुढे बॅग, गाडी, बहीण येऊ शकते, डबा किंवा भाऊ येणार नाही.

लिंगाची ही खूण लहान मुलंही वापरतात. २००७ साली स्पॅनिश शिकणाऱ्या साधारण तीन वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. समोरच्या दोन चित्रांतल्या वस्तूंचं लिंग वेगळं असेल, तर नामाआधीचा स्त्रीलिंगी किंवा पुल्लिंगी शब्द ऐकून मुलं बरोबर चित्राकडे लवकर वळत होती. व्याकरणाचा तास अजून लांब असताना त्यांचा मेंदू व्याकरण वापरत होता.

अंदाज चुकला तर काय होतं?

हे वाक्य हळूहळू वाचा.

"आईने मुलाला चावलेल्या कुत्र्याला हाकललं."

"आईने मुलाला चाव..." इथपर्यंत आल्यावर क्षणभर काहीतरी विचित्र वाटलं असेल. आई मुलाला चावली? मग "कुत्र्याला" आलं आणि सगळं जागेवर बसलं. म्हणजे तुम्ही वाक्य संपायची वाट बघितली नव्हती. "आईने मुलाला काहीतरी केलं" असं आधीच जोडून टाकलं होतं, आणि नंतर ते मोडून पुन्हा जोडलं.

अशी अडखळण मेंदूच्या विजेतही दिसते. १९८० साली कॅलिफोर्नियात मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना काही वाक्यं एकेक शब्द करून वाचायला दिली. काहींचा शेवट अर्थाच्या दृष्टीने भलताच होता. आपल्या भाषेत सांगायचं तर "मी चहात दोन चमचे वाळू घातली" असं काहीतरी. तो भलता शब्द आल्यापासून साधारण ४०० मिलिसेकंदांच्या सुमारास मेंदूच्या लहरीत एक ठळक खळगा दिसला. पुढे ऐकवलेल्या वाक्यांवरही असंच आढळलं. याला एन४०० म्हणतात आणि भाषेवरच्या संशोधनात आज तो रोजच्या वापरातला मापदंड आहे.

यातला महत्त्वाचा मुद्दा असा की ४०० मिलिसेकंद म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी. तेवढ्यात आवाज शब्द झाला, शब्दाला अर्थ मिळाला, तो अर्थ मागच्या वाक्याशी ताडून बघितला आणि "हे बसत नाही" असा निकालही लागला.

जे बोललंच नाही तेही ऐकू येतं

इतका अंदाज बांधायचा तर कधीकधी मेंदू स्वतःच माल भरणार, हे ओघाने आलंच.

१९७० साली रिचर्ड वॉरन यांनी एका इंग्रजी वाक्यातल्या एका शब्दातला "स"चा आवाज पूर्ण कापून काढला आणि तिथे खोकल्याचा आवाज टाकला. २० जणांना ऐकवून विचारलं, कुठला आवाज गायब आहे का? १९ जण म्हणाले, काहीच गायब नाही. विसावा म्हणाला, आहे, पण त्याने भलताच आवाज सांगितला. खोकला नेमका कुठे आला हेही लोकांना धड सांगता आलं नाही. मेंदूने तो "स" स्वतः तयार करून बसवला होता, आणि आपण तो "ऐकला" अशी प्रत्येकाची खात्री होती. खोकल्याच्या जागी नुसती शांतता ठेवली तर मात्र ती लगेच कळते. म्हणजे "इथे काहीतरी झाकलं गेलंय" असं वाटलं की मेंदू भरपाई करतो.

रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये, लोकलच्या खडखडाटात आपण फोनवर बोलू शकतो, ते याच सोयीमुळे.

दुसरा किस्सा १९७६ सालचा. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी एका व्हिडिओत ओठ "गा" म्हणताना दाखवले आणि त्यावर आवाज "बा"चा लावला. बऱ्याच लोकांना तिसरंच काहीतरी ऐकू आलं: "डा". डोळे मिटले की पुन्हा "बा". थोडक्यात, आपण ओठही "ऐकतो". कोरोनाच्या काळात मास्क लावल्यावर समोरचा पुटपुटल्यासारखा वाटायचा, त्याचं एक कारण हेच. आवाज दबत होताच, शिवाय ओठही झाकलेले होते.

आता येऊ त्या व्हायरल क्लिपकडे

२०१८च्या मे महिन्यात जगभर एक ऑडिओ फिरला होता. काहींना त्यात "यॅनी" ऐकू यायचं, काहींना "लॉरेल". आवाज एकच. मूळ शब्द "लॉरेल" होता, पण खराब झालेल्या त्या ऑडिओत बारीक आवाजांचा पट्टा असा होता की त्याकडे लक्ष गेलं तर "यॅनी" ऐकू यावं. दोन्ही बाजू खरंच आपापलं ऐकत होत्या, कुणी खोटं बोलत नव्हतं.

याच्याही आधी, १९८१ साली, रॉबर्ट रेमेझ आणि सहकाऱ्यांनी बोललेलं वाक्य घेऊन त्यातले सगळे बारकावे काढून टाकले आणि फक्त तीन शिट्ट्यांसारखे सूर ठेवले. काही न सांगता ऐकवलं तर बहुतेकांना शिट्ट्या किंवा सायन्स फिक्शन सिनेमातले आवाज वाटले. "हे माणसाचं बोलणं आहे" एवढं सांगितलं की बऱ्याच जणांना त्यातले शब्द कळायला लागले. आवाजात काडीचाही बदल नव्हता. बदल होता तो अपेक्षेत.

आता कल्पना करा. गर्दीतला मोबाइलवरचा व्हिडिओ, मागे ढोल, कुणीतरी काहीतरी ओरडतंय. त्यावर मोठ्या पिवळ्या अक्षरात लिहिलंय, "ऐका, हा अमुक म्हणाला." तुम्ही आधी वाचता, मग ऐकता. अंदाज बांधायचं मेंदूचं काम कॅप्शन लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं. अस्पष्ट आवाज मग त्या शब्दांच्या साच्यात बसतो. आणि एकदा तसं ऐकू आलं की पुन्हा वेगळं ऐकणं अवघड जातं. "मी स्वतः ऐकलं" म्हणून आपण पुढे पाठवतो. एखाद्या माणसाची नोकरी, एखाद्या गल्लीतली शांतता अशा पाच सेकंदांच्या आवाजावर टांगली जाऊ शकते.

म्हणून अशी क्लिप आली की तीन गोष्टी करा. पहिली, कॅप्शन झाकून किंवा फोन उलटा ठेवून आधी नुसतं ऐका. दुसरी, ज्याने कॅप्शन वाचलेलं नाही अशा कुणाला तरी ऐकवा आणि "तुला काय ऐकू येतं?" एवढंच विचारा. "यात अमुक ऐकू येतंय ना?" असं विचारलंत तर तुम्हीच कॅप्शन झालात. तिसरी, आधी-नंतरचा मोठा व्हिडिओ मिळतो का ते बघा, कारण संदर्भाशिवाय मेंदू स्वतःचा संदर्भ लावतो. हे करूनही शब्द स्पष्ट होत नसतील, तर "स्पष्ट ऐकू येत नाही" हेच प्रामाणिक उत्तर आहे.

मग व्हॉइस नोट २एक्सवर का कळते?

अंदाजामुळेच. वेग वाढवलेलं बोलणं ऐकायला कानाला सुरुवातीला त्रास होतो, पण थोडी वाक्यं ऐकली की तो सरावतो, असं प्रयोगांत दिसलंय. आवाज ओळखीचा आणि विषय माहितीचा असेल तर अजून सोपं. मित्र रविवारच्या प्लॅनबद्दल काय बोलणार हे निम्मं आपल्याला माहीतच असतं. पण डॉक्टरांनी गोळ्यांचं प्रमाण सांगितलंय किंवा कुणी अकाउंट नंबर बोलून पाठवलाय, तिथे अंदाज कामाचा नाही. "दोन" की "तीन" हे आधीच्या वाक्यावरून ठरत नाही. अशी नोट साध्या वेगातच ऐका.

गप्पांमध्ये फक्त २०० मिलिसेकंद

या सगळ्यावर कडी म्हणजे आपण नुसतं ऐकत नाही, उत्तरही देतो.

२००९ साली तान्या स्टायव्हर्स आणि सहकाऱ्यांनी १० भाषांतल्या गप्पांची मोजणी प्रसिद्ध केली. हो-नाही उत्तराचा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी वेळ साधारण २०० मिलिसेकंद निघाला. जपानी लोक जास्त झटपट, डेन्मार्कचे जरा निवांत, पण फरक थोडाच.

आता गंमत बघा. एखादं चित्र बघून त्याचं नाव बोलायला सुरुवात करायलाच माणसाला ६०० मिलिसेकंद लागतात. मग २०० मध्ये उत्तर येतं कसं? तर समोरच्याचं वाक्य चालू असतानाच ते कुठे संपणार हे आपण ताडतो आणि आपलं उत्तर जुळवून ठेवतो. व्हिडिओ कॉलवर नेटवर्क अडकलं की दोघं एकदम बोलतात आणि मग दोघं एकदम "बोल बोल" म्हणतात, ते हे टायमिंग बिघडल्यामुळे.

आणि ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात ४३ कोटींहून जास्त लोकांना ऐकू कमी येण्यामुळे उपचारांची किंवा मदतीची गरज आहे. वय झालं की कानातल्या त्या केसांसारख्या पेशी कमी होतात आणि माणसात त्या परत येत नाहीत. आधी जातो तो बारीक आवाजांचा भाग. म्हणजे "स", "श", "फ" यांसारखी व्यंजनं. स्वर बराच काळ ऐकू येत राहतात. म्हणून आजी म्हणते, "आवाज येतोय रे, पण शब्द कळत नाहीत." ती अगदी बरोबर सांगत असते.

अशा वेळी शब्दांच्या शर्यतीतले उमेदवार लवकर बाद होत नाहीत. प्रत्येक वाक्यात मेंदूला जास्त अंदाज बांधावे लागतात आणि तो अजून मागचं वाक्य सोडवत असतो तोवर पुढचं येऊन गेलेलं असतं. त्यामुळे लग्नाच्या हॉलमध्ये आजोबा थोड्या वेळाने नुसती मान हलवायला लागतात. त्यांना रस नसतो असं नाही, ते दमलेले असतात.

मदत करणं फार अवघड नाही, आणि वर बघितलेल्या प्रत्येक गोष्टीचा इथे उपयोग होतो. समोर बसून बोला, म्हणजे ओठ दिसतील. टीव्ही बंद करा. किंचाळू नका, ओरडल्याने शब्दांचे आवाज बिघडतात. जरा सावकाश, स्पष्ट बोला. आधी विषय सांगा, "दवाखान्याचं सांगतोय", मग वाक्य बोला, म्हणजे अंदाजाला धरायला काहीतरी मिळतं. एकच वाक्य तीनदा ओरडण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत सांगा. आणि कानाची तपासणी "वयानुसार होतंच" म्हणून टाळू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, त्यांनी "काय म्हणालास?" विचारलं की "काही नाही, जाऊ दे" म्हणू नका. एवढा आटापिटा करून त्यांचा मेंदू तुमचं वाक्य जुळवत होता. एकदा परत सांगितलं तर आपलं काही जात नाही.